जास्तीचा थेंब

दशरथ घाडीचा तेलावर फार विश्वास. साकीनाक्याच्या एका गाळ्यात त्याने उभं आयुष्य लोखंड कातायच्या लेथवर काढलं, आणि तिथे कामाला लागलेल्या प्रत्येक नवीन माणसाला तो पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचा. "मशीनला तेल कमी पडलं तर मशीन मरते. जास्त पडलं तर काय होतं? फडका घे आणि पूस." एवढंच त्याचं शास्त्र. ते त्याने घरच्या पंख्याला लावलं, शिलाई मशीनला लावलं, शेजाऱ्यांच्या कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांना लावलं. कुठे काही बिघडलं नाही. मग ते त्याने बहिणीच्या डोळ्याला लावलं.

बहीण म्हणजे सुहासिनी. त्याच्याहून मोठी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगी मानसी, ती मालाडला दिलेली. घाटकोपरला त्यांची चाळ पाडून टॉवर उभा राहिला तेव्हा भावाबहिणीला एकाच मजल्यावर समोरासमोर घरं मिळाली. मधे फक्त पॅसेज. एकीकडे फोडणी पडली की दुसरीकडे शिंक यायची, एवढं अंतर. आणि तरीही चार वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण ऐकलंत तर हसाल. दशरथच्या घरी सत्यनारायण होता. व्याही आले होते, सोसायटीचे लोक बसले होते. भटजी सांगत होते आणि दशरथ मधे मधे भटजींना सांगत होता. सुपारी इकडे ठेवा, कलश तिकडे सरकवा. शेवटी सुहासिनी सगळ्यांच्या देखत म्हणाली, "दश्या, पूजा त्यांना येते ना? मग तू गप बस जरा."

लोक हसले. व्याहीसुद्धा हसले. दशरथने पूजा पुरी केली, प्रसाद वाटला, आणि दुसऱ्या दिवसापासून पॅसेज ओलांडायचा बंद झाला.

रुसणं हा त्याचा जुना धंदा. गावाला लहान असताना रुसला की परसातल्या फणसावर चढून बसायचा. आई म्हणायची, बसू दे मेल्याला. पण सुहासिनीच पेजेचा टोप घेऊन खाली उभी राहायची, तो उतरेपर्यंत. आता मात्र ती उभी राहिली नाही. तिचंही वय झालं होतं, आणि टॉवरमध्ये फणस नसतो.

सुहासिनीचा धंदा साडीला फॉल लावायचा. बाजारातले दोन-तीन दुकानदार गठ्ठे पाठवायचे. फॉल आधी पाण्यात भिजवायचा, वाळवायचा, इस्त्री फिरवायची, मग खिडकीत बसून हाताने टाके. साडीच्या पुढच्या बाजूला टाका दिसता कामा नये. सुईने कापडाचा एक धागा उचलायचा, फक्त एक, आणि पुढे जायचं. बायका म्हणायच्या, सुहासिनीताईंचा फॉल साडीला चिकटवल्यासारखा बसतो.

त्या कामातच तिला कळलं की डावा डोळा गेलाय. सहज म्हणून उजव्या डोळ्यावर पदर आला आणि समोरची साडी नाहीशी झाली. कधी गेला, कसा गेला, दुखलं नाही, खुपलं नाही. मुलुंडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मानसी घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले काचबिंदू. डोळ्याच्या आत पाण्याचं प्रेशर वाढतं आणि मागची नस सुकत जाते. गेलं ते परत येत नाही. उजवा अजून बराच शाबूत आहे, तो वाचवायचा तर थेंब घालायचे, रोज, जन्मभर.

आता थेंब घालणार कोण? तिचं तिला जमेना. बाटली जवळ आली की डोळा आपोआप मिटायचा, आणि एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, निम्मं औषध गालावर. मानसीची नोकरी, तिचं घर लांब. दशरथची बायको नलिनी स्वभावाने चांगली, पण तिला दुसऱ्याच्या डोळ्याला हात लावायचा म्हटलं की ती दोन पावलं मागे सरायची. तिने सरळ नवऱ्याला सांगितलं.

"तुम्ही जा आणि घाला."

"मी? तिने मला चारचौघांत..."

"चारचौघांत गप बस म्हणाल्या. बरोबरच म्हणाल्या. आता त्या आंधळ्या होतायत, आणि तुम्ही इथे गप बसून काय करणार आहात?"

दशरथ गेला. पण गेला तो कामावर गेल्यासारखा. हात कोपरापर्यंत साबणाने धुतलेले, खांद्यावर मऊ फडका, तोंडात एक शब्द नाही. दार वाजवलं. सुहासिनीने उघडलं, बघितलं, तीही काही बोलली नाही. खुर्चीत बसली आणि मान मागे टाकली. माणसं समेट करतात तेव्हा बोलतात. ह्यांनी डोळ्यात औषध घातलं.

"आई गं! झोंबतंय रे दश्या."

चार वर्षांनी ऐकलेलं ते पहिलं वाक्य. दशरथला एवढं बरं वाटलं की विचारू नका.

"झोंबणारच. झोंबलं म्हणजे लागलं. आई डोळ्यात मध घालायची तेव्हा आपण कसे बोंबलायचो? आणि नंतर डोळे कसे लख्ख!"

"व्हय रे, आणि तू पळून जायचास. माका धरून ठेवायची." कुणाची भीडभाड नसली की सुहासिनीच्या तोंडात गावची बोली यायची.

"आता तू नको पळू. मान वर."

डॉक्टरांनी दोन बाटल्या दिल्या होत्या, प्रत्येकीतला एकच थेंब. दशरथने एक घातला. तो थोडा गालावर ओघळला म्हणून दुसरा घातला. आणि कमी नको पडायला म्हणून तिसरा. त्यावर लगेच दुसऱ्या बाटलीतले तसेच तीन. मग फडक्याने गाल पुसला, अगदी प्रेमाने पुसला, आणि म्हणाला, "झालं. आता चाल मस्त."

असं सकाळ-संध्याकाळ सुरू झालं. थेंब पडायला क्षणही लागत नाही, पण दशरथ तासभर बसायचा. चहा व्हायचा. गावच्या जमिनीवर कोण बसलंय, कुणाच्या पोराने काय केलं, लिफ्ट परत बंद का पडली. सुहासिनी डोळा मिटून ऐकायची, मधे मधे टोमणा मारायची. नलिनी पॅसेजमधून ओरडायची, "अहो, डोळ्यात औषध घालताय की विहीर खणताय?"

काही महिन्यांत एक गंमत झाली. सुहासिनीच्या उजव्या डोळ्याच्या पापण्या वाढल्या. चांगल्या लांब, काळ्याभोर, वर वळलेल्या. डावीकडे जुन्याच, विरळ. नलिनी बघतच राहिली.

"वन्सं, हे काय? एकाच डोळ्याला मस्कारा?"

"एकाच डोळ्याने बघते ना, मग एकच सजवला," सुहासिनी म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, त्या थेंबांनी होतं असं कुणाकुणाला. दशरथला वाटलं, बघा, खत लागतंय. त्याने त्या पापण्या अख्ख्या मजल्याला दाखवल्या.

दवाखान्यात तोच न्यायचा. बाकावर नंबर लागायचा, मशीनवर हनुवटी टेकवायची, प्रेशर बघायचं. डॉक्टर विचारायचे, "काय आजी, काही त्रास?" आणि सुहासिनीचं तोंड उघडायच्या आत दशरथ बोललेला असायचा.

"एकदम झकास, डॉक्टर. एक दिवस खाडा नाही."

"जळजळ, लाली, खुपणं?"

"छे, छे. औषध आहे म्हटल्यावर थोडं झोंबायचंच. ते काही नाही."

प्रेशर तर खरंच चांगलं यायचं. बाहेर गर्दी असायची. डॉक्टर म्हणायचे, छान, चालू ठेवा. सुहासिनी एकदा दशरथकडे बघायची, एकदा डॉक्टरांकडे, आणि उघडलेलं तोंड मिटायची. दशरथला ते दिसायचं. त्याला वाटायचं, म्हातारी समाधानी आहे.

मग डोळा लाल राहायला लागला. सुहासिनी म्हणाली, आत वाळू गेल्यासारखं वाटतं, सकाळी पापणी उघडताना कोरडी चिकटते. कोरडी, हा शब्द दशरथने बरोबर पकडला. कोरडं म्हणजे काय, तेल कमी पडतंय. त्याने एक थेंब वाढवला.

मग एक साडी दुकानातून परत आली. पुढून टाके दिसतात म्हणे. सुहासिनीच्या आयुष्यात असं झालं नव्हतं. तिने साडी मांडीवर घेतली, खूप वेळ चाचपली आणि बाजूला ठेवली. दशरथ म्हणाला, उजेड कमी पडतो तुला इथे. दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या खिडकीपाशी भिंतीला एक दिवा ठोकून दिला, हवा तसा वळणारा, गाळ्यात लेथवर असतो तसा. बटण दाबलं आणि म्हणाला, "आता?"

"दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं रे. चंद्राला खळं पडतं तसं."

"नवीन दिवा आहे. आजकालचे दिवे असेच असतात."

आणि मग एका सकाळी त्याने थेंब घातले तेव्हा सुहासिनी हललीसुद्धा नाही. आई गं नाही, मेल्या नाही, काही नाही.

"झोंबलं नाही?"

"नाय रे. आता काय झोंबत नाय."

दशरथला वाटलं, जिंकलो. नवीन बेअरिंग पहिले काही दिवस आवाज करतं, मग सुरळीत होतं, तसं झालं. घरी येऊन त्याने नलिनीला सांगितलं, लिफ्टमध्ये भेटलेल्या सगळ्यांना सांगितलं. त्या आनंदात नलिनीकडून शिरा करून घेतला आणि स्वतः वाटी घेऊन पॅसेज ओलांडून गेला.

त्याच सुमारास मानसी साडी घेऊन आली. तिची पोरगी श्रुतिका, तिचं लग्न ठरलं होतं, आणि ही लग्नातली साडी. अबोली रंगाची, भारी रेशमी. सुहासिनीने ती मांडीवर घेतली आणि कितीतरी वेळ नुसता हात फिरवत बसली.

"आई, हिला फॉल बाहेरून लावून घेऊ का?" मानसीने जपून विचारलं.

"कशाला? मी मेले काय?" सुहासिनी म्हणाली. "तुझ्या साडीला मी लावला. तिच्या साडीला पण मीच लावणार."

फॉल भिजवून, वाळवून, इस्त्री करून ठेवला. सुई मात्र लागेना. आज डोळा चुरचुरतोय, आज ढग आहेत, असं करत दिवस गेले. आणि एका सकाळी दशरथने तिची मान मागे केली, पापणी उचलली, आणि त्याचा हात तसाच राहिला. बुबुळावर, अगदी मधोमध, एक पांढरा ठिपका होता. तांदळाची कणी बसावी तसा. त्याने फडक्याच्या टोकाने पाणी टिपून बघितलं. ठिपका जागचा हलला नाही.

"काय रे? काय झालं?"

"काही नाही. चप्पल घाल. मुलुंडला जाऊ."

नेहमीचे डॉक्टर त्या दिवशी नव्हते. आतल्या खोलीत डॉक्टर रेवती म्हणून एक तरुण बाई होत्या, डोळ्याच्या पुढच्या काचेच्या डॉक्टर. बुबुळावर ती पारदर्शक काच असते ना, घड्याळाला असते तशी, तिच्या. त्यांनी सुहासिनीच्या डोळ्याला एक पिवळी पट्टी टेकवली, निळा उजेड टाकला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग समोरच्या स्क्रीनवर दशरथलाही दिसलं. सगळी काच हिरव्या ठिपक्यांनी भरलेली, मधे एक मोठा हिरवा चट्टा. दशरथला लगेच ओळखीचं वाटलं. लेथवर चांगल्या गुळगुळीत जॉबमध्ये, कातलेल्या तुकड्यात, लोखंडाचा कीस अडकला आणि जॉब तसाच फिरत राहिला, की अगदी अशीच वाट लागते.

"आजी, हे दुखत नाही तुम्हाला?"

"नाही डॉक्टर," दशरथ म्हणाला. "उलट आता झोंबतसुद्धा नाही."

डॉक्टर मशीनमागून बाहेर आल्या. "काका, डोळा कुणाचा?"

"हिचा."

"मग त्यांना बोलू दे ना. आजी, सांगा. थेंब घातल्यावर काय व्हायचं?"

सुहासिनीने मान वळवली, दशरथ उभा होता त्या बाजूला. मग पदर सारखा केला. "थोडं झोंबायचं," एवढंच म्हणाली.

"थेंब कोण घालतं?"

"मी," दशरथ म्हणाला. हे तर अभिमानाने सांगायचं होतं. "एक दिवस खाडा नाही."

"कसे घालता, मला करून दाखवा."

त्यांनी एक साधी बाटली दिली, नुसत्या पाण्यासारखे थेंब, त्याने काही होत नाही म्हणाल्या. दशरथने बेसिनवर हात धुतले, कोपरापर्यंत. सुहासिनीची मान मागे केली. बोटाने खालची पापणी ओढली, बाटली कुठे टेकू दिली नाही. एक थेंब. गालावर ओघळला, दुसरा. मग तिसरा. मग चौथा, हल्ली वाढवला होता तो. "मग ह्याच्यावर लगेच दुसरी बाटली," तो म्हणाला, "तशीच." फडका काढून गाल टिपला. हात जराही हलला नव्हता. मागे वळून त्याने डॉक्टरांकडे बघितलं, शाबासकीसाठीच म्हणा.

डॉक्टरांनी त्याला स्टूल दिलं. "बसा, काका."

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. डोळ्यात एक थेंबसुद्धा पुरता मावत नाही, म्हणाल्या, वरचे सगळे वायाच जातात. आणि बाटली उघडल्यावर औषध खराब होऊ नये म्हणून आत एक केमिकल घातलेलं असतं. ते ह्या काचेची साल काढतं. कुणाकुणाला तर एका थेंबानेही त्रास होतो. इथे रोजचे एवढे.

"पण मॅडम, झोंबायचं थांबलं होतं. म्हणजे बरं..."

"बरं झालं म्हणून नाही थांबलं, काका. तिथल्या नसा बधिर झाल्या. म्हणून जखम झाली ती आजींना कळलीच नाही, आणि आता तिच्यात जंतू शिरलेत."

दशरथने फडक्याची घडी घातली. परत उलगडली. "आधी आलो असतो तर?"

"सुरुवातीलाच कुणी एवढं सांगितलं असतं, की फार झोंबतं, तर त्या केमिकलशिवायचे थेंब मिळतात, ते दिले असते." त्यांनी औषधाचा कागद पुढे ओढला. "एवढंच होतं."

त्या पुढेही बोलत होत्या. काचबिंदूचं औषध बंद करायचं नाही, नाहीतर मागची नस जाईल, फक्त बदलायचं, जखमेचं औषध वेगळं, परवा परत यायचं. दशरथ मान हलवत होता. त्याच्या डोक्यात दवाखान्याच्या त्या सगळ्या खेपा चालल्या होत्या. काय आजी, काही त्रास? एकदम झकास, डॉक्टर.

परतीच्या वाटेवर भांडुपच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा दशरथने तोंड उघडलं.

"ताई, तू सांगितलं का नाहीस गं?"

"सांगितलं की. पहिल्याच दिवशी."

"पहिल्या दिवशी नाही. नंतर. डॉक्टरपुढे. मला गप बस म्हणायचंस."

सुहासिनी हसली. तसलं हसू नको असतं माणसाला. "एकदा म्हटलं होतं ना गप बस. चार वर्षं दार वाजलं नाही माझं."

सिग्नल सुटला. दशरथ रस्त्याकडे बघत राहिला.

"एवढं दुखत होतं?"

"सुरुवातीला दुखायचं. मिरची घातल्यासारखं." तिने हातातली पिशवी चाचपली. "पण तुझा तोंड दिसायचा ना रोज. झोंबला तर झोंबला." आणि थोड्या वेळाने, जसं काही दुसरंच बोलतेय अशी, म्हणाली, "आता बघ, तू इथे बसलायस आणि मला नुसता शर्ट दिसतोय."

जखम भरली. भरायला वेळ लागला, पण भरली. मात्र जिथे भरली तिथे डाग राहिला, पांढुरका, दुधाच्या कपाच्या तळाला राहतो तसा, आणि नेमका मधोमध. प्रेशर ठीक होतं, मागची नस जिथल्या तिथे होती. म्हणजे डोळा वाचला होता, फक्त त्याच्यासमोर पडदा आला होता. डॉक्टर रेवती म्हणाल्या, पुढेमागे काच बदलता येते, पण काचबिंदूवाल्या डोळ्यात ती टिकेलच असं नाही, घाई नको. सुहासिनीला दार दिसायचं, माणूस आला कळायचं. सुई दिसत नव्हती.

जखमेचं औषध होतं तोवर मानसी रजा काढून आईकडे राहिली आणि सगळं तिनेच केलं. ती मालाडला गेली त्या सकाळी दशरथ उठला, हात धुतले आणि परत येऊन खुर्चीत बसला. नलिनीने वाट बघितली.

"जा की."

"ह्या हाताने?"

"दुसरे आहेत का?"

तो बसूनच राहिला. चहा निवला. मग पॅसेजमध्ये चपला घासल्याचा आवाज आला, हळू, भिंतीला धरून कोणी यावं तसा. दार वाजलं. नलिनीने उघडलं तर सुहासिनी. एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्या हातात नवीन औषधाचं पाकीट.

"काय रे, रुसलास?"

"नाही गं ताई." त्याने निवलेला कप बाजूला सारला. "रुसायला तोंड आहे का मला?"

"मग फणसावर काय बसलायस? उतर खाली. औषधाची वेळ झाली."

नवीन औषध प्लास्टिकच्या इवल्या नळ्यांमधून यायचं. टोक पिरगळून मोडायचं, एक थेंब घालायचा, आणि उरलेलं फेकून द्यायचं. दशरथने नळी मोडली. एक थेंब पडला. थोडा गालावर ओघळला. त्याचा अंगठा नळीवर तसाच होता, आत औषध दिसत होतं, आणि सगळं अंग सांगत होतं, घाल अजून एक. त्याने नळी कचऱ्यात टाकली आणि फडका घेतला.

"झोंबलं का?"

"नाही."

"नक्की नाही? की झोंबलेलं कळत नाही?"

"ते मला काय माहीत, बाबा," सुहासिनी म्हणाली.

लग्न तोंडावर आलं. अबोली साडी कपाटात होती, इस्त्री केलेला फॉल तिच्यावर. एका दुपारी दशरथ गेला तर सुहासिनी ती घेऊन खिडकीत बसलेली, त्याने ठोकलेला दिवा भर उन्हात लावलेला. सुईत दोरा नलिनीने ओवून दिला असावा. सुहासिनी टाका घालत होती, बोटाने चाचपत होती, काढत होती, परत घालत होती. तो दारातच उभा राहिला. तिला तो कळला की नाही कोण जाणे. शेवटी तिने सुई रिळाला टोचली आणि दोन्ही हात साडीवर ठेवून बसली.

दशरथ आत गेला. बेसिनवर हात धुतले, कोपरापर्यंत, कोरडे केले, आणि तिच्या समोर खाली बसला.

"सांग. कुठून सुरू करू?"

"तू? तुझ्या त्या हातोड्यासारख्या बोटांनी?"

"इंचाच्या एक हजारांशाचं काम केलंय ह्या बोटांनी."

"लोखंडावर. हे रेशीम आहे." पण तिने साडी त्याच्याकडे सरकवली. "एकच धागा उचल. एकच. दोन उचललेस तर पुढून दिसेल."

त्याने उचलला. दुसरा टाका घातला. तिसरा. घाम पुसला. चार बोटं अंतर झालं तेव्हा सुहासिनीने हात पुढे केला आणि पुढच्या बाजूने बोट फिरवत आणलं. एका जागी बोट थांबलं.

"हा मोठा पडला. उसव."

"कुठे दिसतोय?"

"माझ्या बोटाला दिसतोय. उसव म्हणते ना."

पूर्वीचा दशरथ असता तर सुई टाकून उठला असता, पॅसेज ओलांडून गेला असता आणि चार वर्षं आला नसता. त्याने चष्मा सारखा केला आणि उसवलं. परत घातला. तिने परत बोट फिरवलं. परत उसव. खाली कुठेतरी भंगारवाला ओरडत गेला. नलिनी चहा ठेवून गेली.

उन्हं साडीवर आली तेव्हा सुहासिनी मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने बघायचा प्रयत्न करत होती.

"दश्या, रंग कसा आहे रे हिचा?"

"अबोली."

"अबोली ते मानसीनेपण सांगितलं. पण कशी? आपल्या परसात होती तसली, की बाजारात गजऱ्याला येते तसली? मला सगळंच दुधात बुडवल्यासारखं दिसतं."

दशरथने साडी उजेडाला धरली. दुसऱ्याच्या वतीने बोलायला तो आजवर कधी अडला नव्हता. डॉक्टरपुढे नाही, भटजीपुढे नाही, कुणापुढे नाही. त्याने साडी इकडून बघितली, तिकडून बघितली. परसातली अबोली डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला, विहिरीच्या वाटेवर, जिथे ही खाली बसून फुलं खुडायची आणि तो वर फणसावर बसलेला असायचा. तोंड उघडलं, मिटलं.

"थांब," तो म्हणाला. "नीट बघून सांगतो."

"थांबते की," सुहासिनी म्हणाली. "तोवर तो शेवटचा टाका उसव."